बॉनेटवरची बाई

१

सकाळी साडेसातला मी गॅरेजचं शटर वर सरकवलं आणि माझा हात तसाच वर राहिला. बॉनेटवरची बाई गेली होती.

आदल्या संध्याकाळी मी घरी निघालो तेव्हा ती जागेवर होती. अनवाणी, मान जराशी कललेली, खांद्यावर लांब शिडी. शिडीला आठ पायऱ्या. सात पायऱ्यांवर एकेक पक्षी, आठवी रिकामी. आता तिथे नुसता पत्रा होता, घासून धुऊन पुसलेला, नव्या पातेल्यासारखा लख्ख. दोन आठवड्यांचं काम एका रात्रीत साफ झालं होतं आणि दुपारी चारला मिरवणूक होती. शहरातल्या चित्रकारांनी रंगवलेल्या चाळीस गाड्या मैदानावर जमणार होत्या, त्यात आमची एक.

मी पत्रा ठोकणारा माणूस. चेपलेली गाडी सरळ करणं हा माझा धंदा. मार कुठून बसला आणि किती जोराचा, ते मला बोटं फिरवून कळतं. त्यामुळे आसपासचे लोक हरवलेल्या वस्तू नि आपसातली भांडणंही माझ्याकडे घेऊन यायचे. समोरच्या छापखान्यातून कागदाची रिमं कशी गायब होतात ते मीच शोधून दिलं होतं. तेव्हापासून मला जरा शिंगं फुटली होती.

म्हणून मी कोणाला हाक मारली नाही. आधी एकटाच गाडीभोवती फिरलो.

कुलूप शाबूत होतं. किल्ली मीटरच्या पेटीमागे ठेवायची आमची पद्धत, आणि ती आम्हा पाचही जणांना ठाऊक होती. वायपरखाली मिरवणुकीच्या संयोजकांचं पत्रक अडकवलेलं होतं, वर गाडीचं चित्र असलेलं. तसली पत्रकं आठवडाभर येत होती. मी ते काढून भिंतीवरच्या तारेला टोचलं. सगळे कागद मी त्या तारेलाच टोचायचो.

मग बॉनेटपाशी वाकलो. बॉनेटच्या चारी कडांना पानाफुलांची बोटभर रुंद किनार होती, ती जशीच्या तशी होती. ज्याने बाईला खरवडून काढलं त्याने किनारीवर आधी कागदी टेप लावला होता, मग रंग काढायचं औषध फासलं होतं, मग टेप सोलून घेतला होता. कचऱ्याच्या डब्यात त्या टेपचा गोळा पडला होता. त्याला हिरवट लव लागली होती. डब्यात काय, चिंध्या नि लोकर असायचीच.

सूड घ्यायला आलेला माणूस टेप लावत बसत नाही. हे काम हाताला वळण असलेल्याचं होतं, गाड्यांचं काम येणाऱ्याचं.

औषधाचा रिकामा डबा फळीवर होता. झाकण नीट लावलेलं. त्यावर पिवळ्या रंगाचं बोट उमटलेलं होतं, फार जुनं. तो डबा मी ओळखत होतो. तो माझ्या मेव्हण्याच्या पेटीतला होता.

आणि बॉनेटची ती किनारही त्यानेच काढलेली होती.

२

गाडी तशी कोणाचीच नव्हती. कोणीतरी दुरुस्तीला टाकली आणि न्यायला आलाच नाही. ती रंगवायला चौघं जमले.

पहिल्या ताई. लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायच्या. शिडीवाल्या बाईच्या चित्राने त्यांना नाव मिळालं होतं, बक्षीस मिळालं होतं, म्हणून बॉनेट त्यांना दिलं. ती रिकामी पायरी आपल्या आईची आहे, असं त्या विचारणाऱ्याला सांगायच्या. आई लवकर गेली होती त्यांची. 

दुसरे हाडेकाका. त्यांचं सगळं आयुष्य वैद्यकीच्या पुस्तकांसाठी हाडं नि स्नायू काढण्यात गेलं. उजव्या दारांवर त्यांनी चार सांगाडे बसवले होते, एकाच्या हातात सुकाणू, बाकी तिघं त्याला रस्ता सांगताहेत.

तिसरा काडी. वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचा. अंगानेही काडी आणि इकडची तिकडे लावण्यातही. डावी दारं त्याची.

चौथा माझा मेव्हणा. मुलांचा मामा, म्हणून मीही त्याला मामाच म्हणायचो. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फलक आले आणि त्याचं काम आटलं. गाडीवरच्या किनारी, वेलपत्ती, नक्षी सगळं त्याचं. संयोजकांच्या यादीत चित्रकार म्हणून चौघांची नावं होती आणि चौथं नाव मामाचं होतं. आजवर त्याला कोणी चित्रकार म्हटलं नव्हतं. पेंटर म्हणायचे, नाहीतर ए पेंटर. यादी आली त्या दिवशी त्याने ती काडीकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतली, स्वतःला वाचता येत असून. त्याच यादीच्या जोरावर एक प्रकाशक त्याला मुखपृष्ठांचं काम द्यायला तयार झाला होता. मिरवणुकीत भेटू म्हणाला होता.

पण बॉनेट मामालाही हवं होतं. सुरुवातीलाच म्हणाला होता, "भाऊजी, गाडीचं तोंड ते. पत्र्यावर रंग कसा बसवायचा ते मला ठाऊक. ताईंचा हात कागदाचा."

ताई हसल्या होत्या. त्यांच्या हिरव्या लोकरी जाकिटावर तेव्हा टेपच्या सात-आठ पट्ट्या लटकत होत्या.

"आणि हे काय," मामा म्हणाला, "पडलात वाटतं कुठे? पट्ट्या बांधल्यात त्या?"

"असू द्या हो. हाताची सवय आहे."

आदल्या संध्याकाळी बॉनेट पुरं झालं. माझी बायको चहाची किटली घेऊन आली. ती वर्षभर मोठ्यांच्या साक्षरता वर्गाला जात होती. बॉनेटसमोर उभी राहून तिने बोट लावून पक्षी मोजले.

"अगोबाई! ही तर माझ्या पुस्तकातली बाई. सात पक्षी नि एक पायरी रिकामी. आमच्या मॅडम विचारतात, सांगा, आठवा कुठे गेला?"

काडी फिस्सकन हसला. मला माझंच हसं झाल्यासारखं वाटलं.

"तुला काय कळतंय चित्रातलं?" मी सगळ्यांदेखत म्हणालो. "चार अक्षरं शिकलीस म्हणून लागलीस बोलायला. किटली ठेव आणि जा."

तिने किटली ठेवली. कप न भरता गेली.

ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "कुठलं पुस्तक?" पण उत्तर द्यायला ती थांबली नव्हती.

३

आठ वाजता काडी आला. बॉनेट पाहिलं आणि खिशातून वहीच काढली.

"चित्र नको काढूस," मी म्हणालो. "काल किती वाजता गेलास?"

"तुमच्या मागोमाग. मिस्त्री, मला कशाला विचारता? बॉनेट कोणाला हवं होतं ते पत्र्यालाही माहितीये."

"नाव घे."

"मी नाव घेत नसतो. मी नाक काढतो." असं म्हणून त्याने हवेत बोटाने मामाचं नाक काढलं. हुबेहूब.

हाडेकाका आले ते छत्री टेकत. बॉनेटसमोर उभे राहिले. दचकले नाहीत, अरेरे म्हणाले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"सुटली बिचारी," म्हणाले.

"म्हणजे काय, काका? काल शेवटी कोण गेलं?"

"मीच. दोन बरगड्या राहिल्या होत्या. मी निघालो तेव्हा बाई होती."

"तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही."

"या वयात आश्चर्य वाटलं की छातीत कळ येते. मी टाळतो."

त्यांच्याकडे काहीतरी होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी डब्यावरच्या पिवळ्या बोटात अडकलो होतो.

ताई आल्या नाहीत. मामा साडेआठला आला, नवा सदरा घालून, दाढी करून. बॉनेट पाहताच त्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"हे कोणी केलं?"

"मीही तेच विचारतोय," मी म्हणालो. डबा त्याच्यासमोर धरला. "हा कोणाचा?"

"माझा."

"रात्रीतून रिकामा झाला. टेप लावून काम केलंय. तुझी किनार तेवढी वाचलीय, मामा. बाईचा एक केस उरला नाही आणि तुझ्या फुलाची पाकळी हलली नाही."

काडीने वही मिटली. तो बोलत नव्हता म्हणजे पुढे खूप बोलणार होता.

मामाने वाकून किनारीच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "इथे औषध टेपखाली शिरलंय. नखाएवढा रंग उडालाय. बघा तरी नीट, भाऊजी. माझ्या हातचा टेप असता तर थेंब आत गेला असता का? मी टेप असा दाबतो की पत्र्याला श्वास घेता येत नाही."

"घाईत होतं असं."

"घाईत?" तो सरळ उभा राहिला. "तुम्ही मला ओळखता. माझ्या बहिणीच्या लग्नात तुमची गाडी मी रंगवली होती."

मी काय म्हणालो ते आज सांगतानाही लाज वाटते. मी म्हणालो, "पाट्या रंगवणाऱ्याला चित्रकारांत बसवलं की असं होतं."

मामाने पिशवी उचलली. "यादीतलं माझं नाव काढायला सांगा. आणि त्या प्रकाशकालाही सांगा कारण." तो शटरखालून वाकून बाहेर पडला. त्याला वाकायची गरज नव्हती, शटर पूर्ण वर होतं.

४

साडेदहाला, काडी नि हाडेकाका चहाला बाहेर गेलेले असताना, बायको आली. हातात ते पुस्तक, पातळ, कडा मुडपलेलं. मागे शेजारची दोन माणसं चाललेली पाहून तिने शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर तमाशा नको, एवढा माझा विचार ती अजून करत होती.

"दादूला चोर म्हणालात?" तिच्या भावाला ती दादू म्हणायची.

"चोर नाही म्हणालो."

"मग काय पूजा बांधलीत त्याची? घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलाय. वहिनीला म्हणतोय, माझे ब्रश जाळून टाक." तिने पुस्तक उघडून माझ्या तोंडासमोर धरलं. "हे बघा. मला काय कळतंय चित्रातलं! पण बघा."

बारीकशा काळ्या रेघांत तीच बाई होती. मान कललेली, अनवाणी. शिडी. सात पक्षी. शेवटची पायरी रिकामी.

"हे पुस्तक किती जुनं?"

"मॅडम म्हणतात चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं असेल. तेच पुन्हा पुन्हा छापतात."

ताईंचं चित्र पंधरा वर्षांपूर्वीचं होतं. मी खाली स्टुलावर बसलो.

"काल संध्याकाळी ताई घरी आल्या होत्या," बायको म्हणाली. "पुस्तक दाखवा म्हणाल्या. मी दाखवलं. बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, लहानपणी आईच्या मांडीवर कुठलंसं पुस्तक होतं. मग पाणीसुद्धा न घेता गेल्या."

"हे मला रात्री का नाही सांगितलंस?"

"बोलू नको म्हणालात ना."

मी उठलो, कचऱ्याच्या डब्यातून टेपचा गोळा काढला आणि उजेडात धरला. सकाळी मला ती डब्यातली लोकर वाटली होती. पण लव नुसती टेपच्या वर चिकटलेली नव्हती, गोळा उलगडला तर ती आतल्या पदरांतही होती, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारखी. म्हणजे टेप डब्यात पडण्याआधीच, पत्र्यावर लावण्याआधीच कुठल्यातरी हिरव्या लोकरी कपड्याला चिकटवलेला होता. पट्टी पट्टी करून.

कागदावर काम करणारे असं करतात, हे मला ताईंनीच एकदा सांगितलं होतं. टेपचा जोर कमी केला नाही तर सोलताना कागद फाटतो. म्हणून आधी कपड्याला लावायचा. पत्र्यावर त्याची काहीच गरज नसते, उलट असा टेप पकड सोडतो आणि औषध आत शिरतं. मामा अंगठ्याने दाखवत होता ते हेच. पत्र्यावरचा माणूस असली चूक मेला तरी करणार नाही. आणि जिच्या हाताला ती सवय आहे तिला ती चूक आहे हेही कळणार नाही.

ज्याचं चित्र गेलं त्याच्यावर आपण संशय घेत नाही. मी तर ताईंना सांत्वनाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो.

"टोपी दे माझी," मी बायकोला म्हणालो. चोर सापडला होता. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बरं वाटत होतं.

५

ताईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खिडकी, खिडकीखाली उतरतं टेबल, टेबलावर ब्रशांची बरणी आणि गार झालेला चहा. भिंतीवरच्या एका खिळ्याखाली चौकोनी फिका डाग होता. तिथे काल-परवापर्यंत काहीतरी टांगलेलं होतं. बक्षीसपत्र असावं.

ताई टेबलाशी बसल्या होत्या. जाकीट खुर्चीच्या पाठीवर. त्यांनी आम्हा दोघांना बघून उठायचं केलं, पण उठल्या नाहीत.

मी टेपचा गोळा टेबलावर ठेवला. बायकोने पुस्तक शेजारी ठेवलं. मी सगळं सांगितलं, एकेक करून. लव कुठून आली, औषध कोपऱ्यात का शिरलं, किनार का वाचली. मी चांगलं बोललो. छापखान्याच्या वेळेपेक्षाही चांगलं.

ताईंनी गोळा बोटाने उलगडला.

"मला खरंच माझं वाटत होतं हो," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं. रात्री अंथरुणात डोळ्यांसमोर आलं आणि मी उठून काढलं. मी म्हणायचे, आई देऊन गेली. आई पुस्तक देऊन गेली होती, आणि मी ते विसरले." त्यांनी पुस्तकावर हात ठेवला नाही, शेजारी ठेवला. "चारशे माणसांसमोर मी त्या रिकाम्या पायरीवर भाषण केलंय. आज पुन्हा करणार होते."

"समजू शकतो," मी म्हणालो. "पण ताई, दुसऱ्यावर आळ येऊ द्यायचा?"

"कोणावर?"

"मामावर. सकाळी मी त्याला... म्हणजे तो नाव काढून घेऊन घरी गेला."

ताई उभ्या राहिल्या. "मामांवर? का? मी लिहून ठेवलं होतं ना."

"काय लिहून ठेवलं होतं?"

"चिठ्ठी. वायपरखाली. जवळ दुसरा कागद नव्हता म्हणून संयोजकांच्या पत्रकाच्या मागे लिहिलं, चांगलं ठळक. तुम्हीच शटर उघडता, तुम्हालाच सगळ्यात आधी दिसेल. मिस्त्री, तुम्ही वाचली नाहीत?"

मी बायकोकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, ते मात्र मला कळत होतं.

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सकाळी पत्रक काढलं असं मी आधी सांगितलं. त्याच्या मागे निळ्या शाईत हाताने लिहिलेलं होतं, ते मी पाहिलं होतं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. पाहून मी ते तारेला टोचलं, जसे वीजबिल टोचायचो, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या टोचायचो. संध्याकाळी बायको येऊन ते हळू आवाजात वाचून दाखवायची. कोणी कागद पुढे केला की मी म्हणायचो, चष्मा घरी राहिला. माझ्याकडे चष्मा नव्हताच. काडी शेजारी असताना, हाडेकाका शेजारी असताना, मी तो कागद त्यांच्या हातात दिला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. मग विचारलं असतं कोणी, मिस्त्री, तुम्ही का नाही वाचला?

म्हणून मी तपास केला.

६

तारेवरून पत्रक बायकोने काढलं. ताई बरोबर आल्या होत्या. काडी नि हाडेकाकाही गॅरेजमध्ये परतले होते. तिने बोट ठेवून वाचलं, अडखळत, सगळ्यांना ऐकू येईल असं.

"मिस्त्री, बॉनेटवरचं चित्र माझं नव्हतं. मीच ते काढून टाकलं आहे. कोणालाही दोष देऊ नका. मामांचं औषध न विचारता घेतलं, त्यांची माफी मागते. त्यांच्या किनारीला धक्का लागू नये म्हणून जपलं आहे. मी मिरवणुकीला येणार नाही."

काडीनेही कोणाचं नाक काढलं नाही.

हाडेकाका पुढे झाले आणि पुस्तक उजेडात धरलं. "कागद फार पातळ वापरायचे," ते म्हणाले. "माझं आहे हे."

"काय?" ताईंनी विचारलं.

"विशीतलं. हाडं सुरू व्हायच्या आधीचं. नाव छापायची पद्धत नव्हती. बॉनेटवर तुमची पहिली रेघ पडली तेव्हाच ओळखलं मी."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलणार?" काकांनी पुस्तक मिटलं. "सांगायला हवं होतं, तेही खरं. पण ती पायरी रिकामी का आहे, सांगू? छापखान्याचा माणूस दारात उभा होता. आठवा पक्षी काढायला वेळच नव्हता. तुम्ही तिथे आई बसवलीत. माझ्याकडे नुसता उशीर होता. तुम्ही आईचं सांगायचात, ते ऐकून मलाच लाज वाटली."

ताई रडल्या की हसल्या, मला नक्की कळलं नाही. मी बाहेर पडलो होतो. मला मामाकडे जायचं होतं.

मामा नळावर ब्रश धूत होता. जाळले नव्हते. मी त्याला सगळं सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं.

त्याने ब्रश पिळला. "वाचता येत नाही?"

"नाही."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्या प्रत्येक पाटीसमोर उभं राहून झकास, झकास म्हणायचात, ते काय होतं?"

"झकास दिसायचं रे."

"मला वाटायचं, एक माणूस तरी माझी पाटी वाचतो." त्याने नळ बंद केला. "इथे नळावर माफी मागून उपयोग नाही, भाऊजी. काडीने आत्तापर्यंत निम्म्या शहराला सांगितलंय. त्या प्रकाशकाच्या कानावरही गेलं असेल. मैदानावर म्हणा. मी ऐकायला येतो. गाडीसाठी नाही."

मैदानावर चाळीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. एक माशाच्या आकाराची, एक नखशिखांत बटणं चिकटवलेली. लाऊडस्पीकरवर एक बाई प्रत्येक गाडीच्या माणसाला बोलावून दोन शब्द बोलायला लावत होती. आमच्या गाडीचं बॉनेट उन्हात नुसतं चमकत होतं. ताई आल्या होत्या आणि विचारेल त्याला स्वतःच सांगत होत्या, आवाज न चोरता. त्यांचं बघून मला धीर यायला हवा होता. मला उलट पळून जावंसं वाटलं.

आमचा क्रमांक पुकारला. माईक हातात आला. समोर बायको होती, काडी, काका, आणि बटणांच्या गाडीआड नव्या सदऱ्यातला मामा. प्रकाशक कुठला ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांकडेच बघितलं.

"या गाडीवरची किनार माझ्या मेव्हण्याची आहे," मी म्हणालो. "आज सकाळी मी त्याच्यावर चित्र पुसल्याचा आळ घेतला. तो खोटा होता. ज्यांनी पुसलं त्यांनी चिठ्ठी ठेवली होती. मला वाचता येत नाही. ते लपवायला मी त्याचा बळी दिला. माझ्या बायकोने कालच खरं सांगितलं होतं, तिलाही मी गप्प बसवलं. तो चित्रकार आहे. यादीतलं त्याचं नाव काढू नका."

मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात, माशाच्या गाडीला वाजवल्या होत्या तशाच.

"वा! किती मनापासून बोलले काका," लाऊडस्पीकरवाली बाई म्हणाली. "आता पुढची गाडी, क्रमांक तेवीस!"

मी माईक देऊन बाजूला झालो. वाटलं होतं, बोललो की ओझं उतरेल. ते तिथेच होतं, उलट आता सगळ्यांना ते दिसत होतं. बायको जवळ आली. "घशाला कोरड पडली असेल," एवढंच म्हणाली आणि पाण्याची बाटली दिली. तिची माफी मी लाऊडस्पीकरवर मागितली होती, तोंडावर अजून मागितली नव्हती. ती मागायला मला पुढे चार दिवस लागले.

मिरवणूक हलली आणि आमची गाडी सुरूच होईना. काका सुकाणूशी बसून किल्ली फिरवत होते. बॅटरी बसली होती. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. मी मागे जाऊन डिकीला दोन्ही हात लावले. एकट्याने गाडी जागची हलेना.

बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलं. नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मधोमध नका धरू, पत्रा चेपेल," मामा म्हणाला. "कडेला धरा. आणि जोर लावा."

गाडी ढकलताना मान खाली घालावी लागते, कोणाचा चेहरा कोणाला दिसत नाही. मी कडेला धरलं आणि जोर लावला.